मिनिटकाट्याची हरकत

माझ्या लग्नाला हरकत घेतली ती माझ्या बापानं आणि माझ्या सासऱ्यानं. दोघांनी मिळून, भर चर्चमध्ये, एकाच वेळी उभं राहून. खोट माझ्यात नव्हती, मुलातही नव्हती. मानपानावरून काही बिनसलं असंही नाही. भांडण होतं घड्याळातल्या एका काट्यावरून, आणि तो काटा होता कुसळाएवढा. पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. अजून आठवली की मला आधी राग येतो आणि मग हसू.

आम्ही शिरूरचे. माझे बाबा मिशनच्या शाळेत ड्रिलमास्तर. लढाई संपल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करी सामान ढिगानं विकायला आलं, त्यात त्यांना एक घड्याळ मिळालं. नेहमीचे तास-मिनिटांचे काटे त्याला होतेच. शिवाय मधोमध एक लांब, बारीक, लाल काटा होता, तो एरवी बारावर गप्प उभा असायचा. वरचं बटण दाबलं की धावायला लागायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा, आणि खालचं दाबलं की मुकाट्यानं परत आपल्या जागी जायचा. लाल काट्याची एक फेरी म्हणजे एक मिनिट. आता अशा फेऱ्या किती झाल्या हे कोण लक्षात ठेवणार? त्यासाठी उजव्या अंगाला एक चिमुकली तबकडी होती, तीस रेघांची, आणि तिच्यात तो कुसळाएवढा काटा. तो बिचारा नुसत्या फेऱ्या मोजायचा.

बाबांना हे घड्याळ मिळालं आणि आमच्या घरातली शांती गेली. शर्यतीत धावणारी पोरं मोजायची, हे ठीक. ते त्यांचं कामच. पण बाबा दूध उतू जायला किती वेळ लागतो तेही मोजायचे, आणि मोजण्याच्या नादात ते उतू जायचं. आईची जेवणाआधीची प्रार्थना मोजायचे. आई निमोण्याची. तिची बोली शेवटपर्यंत निमोण्याचीच राहिली. एकदा डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "देवाशी बोलताना बी घड्याळ लावता व्हय? मग तुमचं ताट बी मी वेळ लावूनच वाढते." त्या दिवशी बाबांना भात उशिरा मिळाला.

सगळ्यात जास्त जाच मात्र आमच्या पाळकसाहेबांना. दर रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहून सगळ्यांना सलाम करायचे. बाबांची पाळी आली की बाबा सलाम करून म्हणायचे, "आजचा उपदेश इतकी मिनिटं, इतके सेकंद." चांगला झाला की वाईट, हे नाही सांगायचे. पाळकसाहेब मोठे सोशिक गृहस्थ, पण सोशिकपणालाही शेवट असतो.

आता नवरदेवाकडे येते. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती आणि आता ती सवय लागायची नाही, तेव्हा 'हे' म्हटलं की माझा नवरा समजावा. हे दौंडचे, रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क. दौंडला तरुण मंडळींची गायनाची सभा होती, तिथं मी यांना पहिल्यांदा पाहिलं. खालच्या पट्टीत गात होते, आवाज असा की बाक हलावा. त्यानंतर वर्षभरात यांनी माझ्यासमोर तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही. पण मला हे आवडले होते. सरळ सांगते, आता या वयात कोणाला लाजायचं? मला हाच मुलगा हवा होता, दुसरा कुठला नको होता, आणि तसं मी आईला सांगूनही टाकलं होतं. त्या काळी मुली असं सांगत नसत. पण मी शाळेत मुलांना पाढे शिकवायची, माझा आवाज आधीच चढलेला असायचा.

यांचे वडील, म्हणजे माझे मामंजी, इंजिनचे ड्रायव्हर. धिप्पाड माणूस, मिशा दोन्हीकडं वळवलेल्या, आणि कोळशानं टणक झालेले हात. साखरपुड्याला ही मंडळी शिरूरला आली. पेढे झाले, अंगठ्या झाल्या, पाळकसाहेबांची प्रार्थना झाली. आणि मग बाबांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं.

"आमच्याकडं जावयाला घड्याळ द्यायची रीत आहे," ते म्हणाले. "मी दुकानातलं देणार नाही. हे माझं स्वतःचं देणार."

मला भरून आलं. बाबांनी कोणाला त्या घड्याळाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. यांनी मान खाली घातली. मामंजींनी मात्र घड्याळ हातात घेतलं, वरचं बटण दाबलं, डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्यो बारका काटा सरपटतोय."

"सरपटतोय म्हणजे?"

"म्हंजी आपला सरकतच ऱ्हातोय. मिनिट झालं न्हाई तरी सरकतोय. बिघडलंय हे. आता माझं बघा." त्यांनी कोटाची बाही वर केली. आणि काय सांगू, त्यांच्या मनगटावरही तसंच घड्याळ होतं. लाल काटा, दोन बटणं, चिमुकली तबकडी, सगळं तसंच. दौंडचा एक अँग्लो-इंडियन गार्ड देश सोडून गेला तेव्हा त्याच्याकडून त्यांनी ते घेतलं होतं. फरक एवढाच की मामंजींच्या घड्याळातला बारका काटा मिनिटभर ढिम्म उभा राहायचा आणि लाल काटा बारावर पोचला रे पोचला की टुणकन पुढच्या रेघेवर उडी मारायचा.

बाबांनी ते पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी दया आली. "ड्रायव्हरसाहेब, तुमचा काटा अडकतोय. कुठंतरी घाण बसली असेल."

झालं. पेढ्यांवर माश्या बसल्या तरी दोघं तिथंच. बाबांचं म्हणणं, मिनिट काय साठ सेकंद झोपा काढतं आणि मग एकदम जागं होतं? मिनिट सतत जात असतं, म्हणून काट्यानंही सतत गेलं पाहिजे. उभा राहिलेला काटा हा खोटं बोलणारा काटा. मामंजींचं म्हणणं, मिनिट भरल्याबिगार त्याला मिनिट म्हणायचंच न्हाई. "आमी गाडी हाकताना तारेचं खांब मोजतो. एक खांब, दोन खांब. पावणेदोन खांब कवा कुणी मोजलाय का?"

दोघांनाही हे माहीत नव्हतं की दोन्ही घड्याळं ठणठणीत होती. कारखान्यात ती तशीच केलेली असतात. एका जातीत चाकाला चाक लागलेलं असतं, त्यामुळं काटा हळूहळू सरकत जातो. दुसऱ्या जातीत एक बारीक दांडी मिनिटभर गोल चाकाच्या चढावर चढत राहते आणि टोकाला पोचली की खाली पडते, तेव्हा काटा उडतो. हे मला फार वर्षांनी पुण्याच्या एका घड्याळवाल्यानं दाखवलं. पण तेव्हा शिरूरमध्ये हे कोण सांगणार? दोघांनाही जन्मात आपल्या घड्याळाखेरीज तसलं दुसरं घड्याळ दिसलेलं नव्हतं. मग दुसऱ्याचं ते बिघडलेलं, हे ओघानं आलंच. त्या दिवशी घड्याळ परत बाबांच्याच मनगटावर गेलं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये हाका देतात. म्हणजे पाळकसाहेब उपासनेत जाहीर करतात की अमक्याचा मुलगा आणि तमक्याची मुलगी लग्न करू इच्छितात, कोणास हरकत असल्यास आताच उभे राहून सांगावी. पहिली हाक झाली, कोणी उभं राहिलं नाही. दुसरी झाली. आणि दुसऱ्या हाकेनंतर दौंडहून मामंजींचा निरोप आला. बिघडलेली वस्तू आहेरात घेऊन पोराच्या हाताला बांधणार न्हाई. आधी घड्याळ दुरुस्त करा, मग तिसरी हाक.

बाबा म्हणाले, "बरोबर असलेलं घड्याळ दुरुस्त करणं याला बिघडवणं म्हणतात. मी नाही करणार."

"मग दुसरं द्या," मी म्हणाले.

"दुसरं दिलं म्हणजे हे बिघडलंय असं कबूल केल्यासारखं होईल."

"आणि लग्न मोडलं म्हणजे?"

बाबा घड्याळाला किल्ली देऊ लागले. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. रागापेक्षा भीतीच जास्त होती. मालधक्क्यावरच्या त्या मुखदुर्बळ माणसाला आई-बापापुढं उभं राहून 'मला हीच पाहिजे' असं म्हणता येईल, अशी मला काडीची आशा नव्हती. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले, आणि सकाळी शाळेत जाऊन पोरांना विनाकारण तेराचा पाढा म्हणायला लावला.

शेवटी आईनंच डोकं चालवलं. तिनं मामंजींना निरोप धाडला की तिसऱ्या हाकेला तुम्ही इकडंच या, जेवायलाच या, आणि घड्याळ घेऊन या. आल्यावर दोघांना ओसरीवर बसवून म्हणाली, "दोन्ही घड्याळं एकदम चालू करा. एकदम थांबवा. काय निघंल ते निघंल. पर आज मिटवा, न्हाईतर त्या घड्याळांचंच एकमेकांशी लगीन लावा."

मोजायचं काय, असा प्रश्न निघाला. मामंजी म्हणाले आगगाडी, पण शिरूरला आगगाडी कुठली? मग बाबा म्हणाले, आमच्या गावात भरवशानं लांबणारी एकच गोष्ट आहे. पाळकसाहेबांचा उपदेश.

असे ते दोघं पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर जाऊन बसले. मागच्या बाकावर हे. मी आणि आई बायकांच्या बाजूला. पाळकसाहेबांनी "प्रिय बंधुभगिनींनो" म्हटलं आणि दोन अंगठे एकदम दोन बटणांवर दाबले गेले. पाळकसाहेबांनी ते पाहिलं. एकाऐवजी दोन घड्याळं बघून ते आधी पाणी प्याले. त्या दिवशी उपदेश सहनशीलतेवर होता. मी एक अक्षर ऐकलं नाही. मी त्या दोन मनगटांकडं बघत देवाला म्हणत होते की काहीही कर, पण दोघांचं सारखं निघू दे.

"आमेन" झालं. अंगठे दाबले गेले. दोन डोकी एकमेकांना लागली.

बाबांच्या घड्याळात बारका काटा बाविसाच्या रेघेला टेकलेला, आणि लाल काटा फेरी संपवायच्या बेतात. बाबांनी वाचलं, बावीस मिनिटं आणि वर हे छप्पन्न सेकंद. मामंजींच्या घड्याळात लाल काटा अगदी तिथंच, पण बारका काटा एकविसावर ढिम्म उभा. त्यांनी वाचलं, एकवीस आणि छप्पन्न. एका मिनिटाचा फरक. झाली कुजबूज सुरू. "नीट बघा." "तुमीच नीट बघा." चर्चमध्ये पुढच्या बाकाला उजेड कमी. बाबा म्हणाले, खिडकीशी चला. मामंजी म्हणाले, चला. आणि दोघं ताडकन उभे राहिले.

त्याच वेळी व्यासपीठावर पाळकसाहेब म्हणत होते, "...कोणास हरकत असल्यास आताच उभे राहून सांगावी."

बाहेर शेळी चरत होती तिचा आवाज आत आला. वधूचा बाप उभा, वराचा बाप उभा. पाळकसाहेबांचं तोंड उघडं ते उघडंच.

"आपली हरकत आहे?" त्यांनी विचारलं.

दोघांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. "आहे," बाबा म्हणाले. "हाय," मामंजी म्हणाले.

"कसली?"

"एका मिनिटाची," दोघं म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं.

बाबांनी उपदेशाचे बावीस छप्पन्न सांगितले, मामंजींनी एकवीस छप्पन्न. मागून कोणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेब हसले नाहीत. नियमाला पक्का माणूस तो. त्यांनी हातातला कागद मिटला आणि म्हणाले, उभं राहून हरकत घेतली गेली आहे, तिची चौकशी होईपर्यंत हाक पुरी झाली असं मला म्हणता येणार नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं पदर धरला, तो सोडवून मी थेट पुरुषांच्या बाजूला गेले. त्या चर्चमध्ये उपासना चालू असताना मधली वाट ओलांडून गेलेली मी पहिलीच मुलगी असेन. मी बाबांचं घड्याळ घेतलं, मामंजींचं घेतलं, दोन्हींची खालची बटणं दाबून काटे जाग्यावर आणले आणि पाळकसाहेबांपुढं दोन्ही हात धरले. "आता करा चौकशी," मी म्हणाले, आणि दोन्ही घड्याळं चालू केली.

सगळी मंडळी बसल्या जागी माना ताणून बघत होती. पाळकसाहेबांनी चष्मा पुसून घातला आणि वाकून बघू लागले. अर्धं मिनिट झालं तेव्हा बाबांचा काटा अर्ध्या वाटेवर होता आणि मामंजींचा हललाच नव्हता. मग लाल काटे वर चढू लागले. बाबांचा बारका काटा एकाच्या रेघेला जवळजवळ भिडला, मामंजींचा अजून ढिम्म. आणि लाल काटे बारावर पोचले तसा मामंजींच्या काट्यानं टुणकन उडी मारली. दोन्ही काटे एकावर.

पाळकसाहेब सावकाश सरळ झाले. "म्हणजे मास्तर," ते म्हणाले, "लाल काटा वर पोचायच्या आधीच तुमचा हा बारका पुढच्या रेघेला टेकलेला दिसतो. माझी बावीस मिनिटं पुरी झालीच नव्हती."

"व्हायला आली होती," बाबा म्हणाले.

"व्हायला येणं निराळं आणि होणं निराळं. इतकी वर्षं तुम्ही दारात मला एक मिनिट वाढवून सांगत आलात."

खरं म्हणजे दर रविवारी तसं झालं नसणार. उपदेश नेमका फेरी संपता संपता थांबला तरच ही गफलत व्हायची. पण पाळकसाहेबांनी सगळी वर्षं एकदम वसूल केली. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी नाताळातसुद्धा पाहिला नव्हता.

एवढ्यावर मिटायला हवं होतं की नाही? पण बाबा म्हणाले, "ठीक आहे, मिनिट भरल्यावर दोन्ही सारखी. पण मधे कोण बरोबर?" मामंजी म्हणाले, "मधलं कशाला बघायचं?" आणि दोघांनी पुन्हा बाह्या सावरल्या. मला आता रडू कोसळणार हे मला कळत होतं, आणि त्या सगळ्या गर्दीसमोर मला रडायचं नव्हतं.

तेव्हा माझी नजर यांच्याकडं गेली. यांचे ओठ थरथरत होते. हातातलं गीतांचं पुस्तकही थरथरत होतं. आणि हे उभे राहिले. बाक हलवणाऱ्या त्या खालच्या पट्टीत म्हणाले, "मला घड्याळ नको. एकही नको. मला या पाहिजेत."

आणि लगेच खाली बसले. पुण्याच्या त्या घड्याळवाल्यानं मला पुढं एक तिसरी जातही दाखवली. त्यात काटा मिनिटभर गप्प असतो, शेवटी शेवटी किंचित थरथरायला लागतो आणि मग उडी मारतो. मी त्याला म्हटलं, राहू द्या, ही आमच्या घरी आहे.

चर्च हसलं, मामंजीही हसले, बाबा हसले नाहीत पण बसले. पाळकसाहेबांनी कागद उलगडला, हरकत निकालात निघाली असं जाहीर केलं आणि हाक पहिल्यापासून पुन्हा वाचली. या वेळी सगळ्यांनी आपापल्या शेजाऱ्याला धरून ठेवलं होतं.

लग्न झालं. हे नको नको म्हणत असताना बाबांनी स्वतःच्या हातानं घड्याळ यांच्या मनगटाला बांधलं. मग बाबांनी हात मागं घेतला तर मनगटावर नुसता पांढरा पट्टा उरलेला, वर्षानुवर्षं ऊन न लागलेला. मामंजींनी तो पाहिला. काही न बोलता आपलं घड्याळ सोडलं आणि बाबांच्या मनगटावर बांधलं. "घ्या मास्तर. ह्यो काटा फुकट हलत न्हाई." बाबांनी आभार मानले, पण अंगावर पाल पडल्यासारखं तोंड करून.

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही दौंडला निघालो. स्टँडवर आई रडली, शेजारणी रडल्या, मीही पोटभर रडले. बाबा कोणाकडं बघत नव्हते. मी गाडीत चढून खिडकीशी बसले तेव्हा त्यांनी त्या नव्या घड्याळाचं बटण दाबलं आणि मनगटाकडं बघत उभे राहिले. कंडक्टर दारात आला. "मास्तर, टाइम झाला."

"अजून मिनिट झालं नाही," बाबा म्हणाले.

"झालं की."

"हा बघा काटा. हललाय का?" त्यांनी मनगट कंडक्टरच्या नाकाशी धरलं. मला खिडकीतून लाल काटा दिसत होता. तो अगदी वर आला होता, आता पोचणारच होता. तेवढ्यात बाबांनी अंगठ्यानं बटण दाबलं. लाल काटा जागच्या जागी थांबला. बारका काटा शून्यावर तसाच उभा.

"मिनिट भरल्याशिवाय त्याला मिनिट म्हणायचं नसतं," बाबा कंडक्टरला म्हणाले. आवाज नेहमीचा, ड्रिलचा होता. पण तोंड माझ्याकडं वळवलेलं नव्हतं, आणि अंगठा बटणावरून निघत नव्हता.

माझ्या पुढच्या बाकावर मामंजी बसले होते. त्यांनी ते ऐकलं. जन्मभर गाडी वेळेवर सोडलेला माणूस तो. खिडकीतून हात बाहेर काढून ते कंडक्टरला म्हणाले, "घंटी मारू नगंस. मास्तर बरोबर सांगत्यात."